कूळ आणि खातं

वशिला हा शब्द आपल्या कानावर रोज पडतो. वतन हा शब्द आता कुणी काढत नाही. पण वशिल्याचा बाप वतन. ज्याच्या घरात वतन होतं त्याला वशिला लावावा लागत नव्हता. खातंच त्याच्या घरचं होतं.

हे आज लिहायला कारण घडलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे. परीक्षा देऊन लागलो, पहिली चार वर्षं दुसऱ्या तालुक्यात काढली, मग बदलीनं इथं आलो. माझ्यामागून वर्षभरानं बढतीवर साहेब म्हणून आले ते माझे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसणारा हा पहिला माणूस. त्यांचा बाप, म्हणजे माझा आजा, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबला. मोठेबाबा रुजू झाले त्या दिवसापासून कचेरीत एक वाक्य फिरायला लागलं, "याले काय कमी बाप्पा, घरचाच साहेब हाय!" हे म्हणणाऱ्यांपैकी एकाचा आजा पटवारी, बाप पटवारी, चुलता महसुलात आणि मेहुणाही महसुलातच. त्याच्या घराला लोक 'जुनं घराणं' म्हणतात. माझ्या घराला वशिला म्हणतात.

हे मी आमच्या अभ्यासवर्गात सांगितलं तेव्हा एक पोरगं ताडकन उठून म्हणालं, "त्यांनी शंभर वर्षं आपापली माणसं भरली ना? मंग आता आपण भरू. काय चुकलं?" चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला म्हटलं, टाळ्या मागून. आधी त्यांनी कशी भरली ते नीट बघू.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. आपला जिल्हा तेव्हा वून, म्हणजे वणी, या नावानं ओळखला जाई. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला, पुसद इकडे आलं आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. इंग्रजांनी जमीन मोजली, सारा ठरवला, नकाशे केले, कचेऱ्या बांधल्या. सगळं नवं केलं. गावात मात्र त्यांनी जुनंच ठेवलं. गावचा कारभार पाटील आणि पटवारी यांच्या हातात, आणि दोन्ही जागा वंशपरंपरेच्या. पाटलाच्या पोटी पाटील, पटवाऱ्याच्या पोटी पटवारी. वऱ्हाडासाठी १९०० साली पाटील-पटवाऱ्यांचा वेगळा कायदाच झाला. ज्या राज्यानं आगगाडी आणली, तारखातं आणलं, त्यानंच कुळाचा हक्क कायद्याच्या पुस्तकात पक्का छापून दिला. इंग्रज समतेचे दूत होते असं अजून मानणाऱ्या आपल्या काही मित्रांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता या खात्याची रचना बघा. मुलकी पाटील सारा गोळा करणार, पोलीस पाटील गुन्ह्याची वर्दी देणार, पटवारी लिहिणार. मोबदला वसुलाच्या प्रमाणात. पुष्कळ गावांत मुलकी आणि पोलीस दोन्ही पाटीलक्या एकाच भावकीत. वतनदार लहान पोर असला किंवा बाई असली तर तिच्या नावानं गुमास्ता काम बघे, आणि तो शक्यतो घरातलाच. पाटलाचं पोरगं चावडीवर खेळत खेळत दप्तर शिकायचं. कोणत्या शेताचा सारा किती, कुणाचा फेर कधी पडला, साहेब दौऱ्यावर आला की काय बोलायचं, हे त्याला बारा-पंधराव्या वर्षी पाठ असे. पुढं तो जागेवर बसला की लोक म्हणायचे, हुशार आहे, रक्तातच आहे. रक्तात काही नव्हतं. चुलत्याच्या मांडीवर बसून तो काम शिकला होता. आपल्या पोरांना त्या चावडीची पायरी चढायची बंदी होती. मग 'गुणवत्ता कुठं आहे' हा प्रश्न विचारायला हेच पुढं.

आणि आपण कुठं होतो? आपणही याच खात्यात होतो. हे आपण विसरतो. महार हा सरकारी नोकर होता. टपाल पोचवायचं, साऱ्याचा पैसा तालुक्याला न्यायचा, रयतेला चावडीवर बोलवायचं, शिवेची खूण दाखवायची, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं. हेही वंशपरंपरेनंच. भावकीत पाळी लागायची, या वर्षी हे घर, पुढच्या वर्षी ते. म्हणजे एकाच कचेरीत वरच्या टोकाला एक कूळ आणि खालच्या टोकाला एक कूळ. वरच्या कुळाला खातं पोसत होतं. खालच्या कुळाला खातं खात होतं.

हा फरक बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडला. मुंबई इलाख्यात १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा होता. तो वऱ्हाडाला लागू नव्हता, पण महाराची गत दोन्हीकडे एकाच जातीची. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वतनदार महार गावात नसेल तर सरकार त्याच्या बापाला कामाला लावी. बाप नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला. नोकरी एकाची आणि राबायचं अख्ख्या कुटुंबानं. दिवस-रात्र हक्क सरकारचा, पगार मात्र सरकारकडून पुरता नाही. इनाम जमिनीचा तुकडा, पिढ्यागणिक वाटून चिंधी झालेला, आणि रयतेकडून बलुतं. म्हणजे काम सरकारचं आणि भाकर रयतेच्या हातात. महारानं मान वर केली की रयत बलुतं बंद करी. तक्रार कुणाकडे न्यायची? चावडीवर. चावडीवर कोण? पाटील. त्याच्या शेजारी कोण? त्याचाच भाऊबंद.

पुढं त्या विधेयकाची इतकी कापाकाप झाली की १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतलं. आपल्यातल्याही काही वतनदारांना जमिनीचा तुकडा जाईल अशी भीती होती. ते समजण्यासारखं आहे. पाव एकर का होईना, आपल्या नावाचं होतं. पण त्या पाव एकरानं पोराचे पाय गावात बांधून ठेवले होते, हे बाबासाहेब सांगत होते.

वंशपरंपरेचं एक खातं आपल्याला लाभलं होतं, तेही सांगून टाकतो. फौज. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी फौजेत, वडील रामजी फौजेत सुभेदार आणि फौजेच्या शाळेचे हेडमास्तर. फौजेतल्या शिपायाच्या पोराला अक्षर शिकायला मिळे. आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीतली कितीतरी घरं तिथून आली. १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. का? अमुक कुळं लढाऊ आणि तमुक कुळं लढाऊ नाहीत, असं त्यांच्या सेनापतींना वाटायला लागलं. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले, पण दार उघडलं नाही. पहिल्या महायुद्धात थोडं किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. म्हणजे बापाच्या मागं पोरगं त्याच खात्यात गेलं तर ज्या एका ठिकाणी आपलं भलं होत होतं, तिथं कूळ बघून बाहेर काढलं. आणि जिथं कूळ बघून आत कोंडलं होतं तिथून सुटू देत नव्हते.

कुणी म्हणेल, हे खेड्यातलं झालं, शहरात कारखाना आला की नात्याचं राज्य संपतं. मुंबईच्या गिरण्यांनी ते खोटं पाडलं. गिरणीत माणूस घ्यायचा अधिकार जॉबरच्या हातात. तो मुलूखाहून भाऊ आणी, भाचा आणी, गाववाला आणी. खातंच्या खातं एका भावकीचं, एका जातीचं. विणकाम खात्यात मजुरी सगळ्यात चांगली, आणि तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागे. आमच्या तोंडचा धोटा त्यांच्या तोंडाला कसा लागायचा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ते पुन्हा यावर बोलले. गिरणीत विणकाम खातं बंद, रेल्वेत आपला माणूस गँगमनच्या वर सरकत नाही, हे त्यांनी मांडलं. यात मालकाची चाल होतीच. पण आत येणाऱ्याला अडवणारा हात कामगाराचा होता, आणि तो हात आपल्या भाच्याला आत ओढत होता. धोटा हे निमित्त. जागा घरात राहावी ही गोष्ट खरी. आपल्या यवतमाळचा कापूस गाठी बांधून, शकुंतला रेल्वेच्या डब्यातून मूर्तिजापूरला आणि तिथून पुढं गिरण्यांपर्यंत जात होता. त्या कापसाचं सूत आपल्या तोंडाला लागलेलं मात्र चालत नव्हतं.

आता संविधानाकडे या. पंधरावा अनुच्छेद आपण सगळे पाठ म्हणतो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीचा. त्याच्या दुसऱ्या खंडात दोन शब्द जास्त आहेत. एक निवास आणि दुसरा कूळ. पंधराव्यात कूळ नाही, सोळाव्यात आहे. अभ्यासवर्गात मी हे दाखवलं तेव्हा पोरांनी पुस्तकं उघडून ताडून पाहिलं. जात हा शब्द असताना कूळ कशाला? कारण एकाच जातीतही पाटीलकी एकाच घराची होती. गावात शंभर कुणबी असतील, पाटील एकाच घरातला. जात मोडून वतन मोडत नाही. त्यासाठी कूळ हा शब्द वेगळा लिहावा लागतो. देशातल्या लाखो चावड्या या एका शब्दाखाली येतात.

शब्द लिहिला म्हणून चावडी हलली असं मात्र नाही. आंध्रात गुंटूर जिल्ह्यातल्या एका गावात मुन्सफाची जागा भरायची होती. जुन्या मुन्सफाच्या मुलानं हक्क सांगितला. मद्रास इलाख्याचा १८९५ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा त्याच्या बाजूनं होता आणि महसूल खात्यानं तोच धरला. डावलला गेलेला उमेदवार, गझुला दशरथ रामाराव, थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६० साली निकाल लागला. गावचा हुद्दा ही सरकारी नोकरीच आहे, ती कुळावर देता येत नाही, त्या कायद्याचं ते कलम रद्द. संविधान लागू होऊन दहा वर्षं झाल्यावर हे एका माणसाला कोर्टात जाऊन सांगावं लागलं.

आपल्याकडे वतनं कशा क्रमानं मोडली तेही बघण्यासारखं आहे. जुन्या मुंबई राज्यात परगणे आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली. महारांची आणि इतर कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. मुलकी पाटीलकी गेली सगळ्यात शेवटी, १९६२ च्या कायद्यानं. हा कायदा महाराष्ट्र झाल्यावरचा, म्हणून वऱ्हाडालाही लागला. तेव्हा महसूल मंत्री होते आपल्याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. पुढं १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री राहिले. १९९१ साली त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. चुलता-पुतण्या दोघंही मुख्यमंत्री, तेही एका मागास जिल्ह्यातले, बंजारा समाजातले. लोकांनी मतं देऊन आमदार केलं, म्हणून याला वतन म्हणता येत नाही, मी म्हणतही नाही. पण पुसदच्या राजकारणात आजही त्याच घराचं नाव आहे, आणि तांड्याचं नायकपण हेच मुळात वंशपरंपरेचं होतं. कायदा जिथं पोचत नाही तिथं सवय पोचते, एवढंच. पोलीस पाटलाची जागाही १९६७ च्या कायद्यानं नेमणुकीची झाली. अर्ज, परीक्षा, मुलाखत, आरक्षण सगळं आलं. तरी आपल्या गावात जाऊन विचारा, आडनाव किती वेळा बदललं.

इथवर त्या पोराच्या बाजूनं झालं. त्यांनी भरली, खरंच भरली, कायद्यानं भरली. आता दुसरी बाजू.

कूळ हा शब्द खुर्चीवरून पुसला गेला. झाडूवरून पुसला गेला नाही. नगरपालिकांतल्या सफाई कामगाराची जागा त्याच्या वारसाला देण्याची पद्धत लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून १९७० च्या दशकात लागू झाली. २०२३ साली शासनानं त्याचा नवा, एकत्रित निर्णय काढला. बाप आरोग्य खात्यात मुकादम किंवा झाडूवाला, पोरगा त्याच खात्यात, कधी बापाच्याच हाताखाली. हा वारसा हक्क मागायला आपल्याच संघटना मोर्चे काढतात, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. ठेकेदार आल्यापासून कायम नोकरी मिळायची ही एकच वाट कित्येक घरांना उरली आहे. गटारीत उतरून ज्याचा बाप खोकून खोकून मेला, त्याच्या पोराला पगारी जागाही नाकारायची? पण एवढं तर बघू की साऱ्या गावगाड्यातून ज्याला कुळाप्रमाणे जागा राखून मिळाली तो माणूस हातात काय घेऊन उभा आहे. पाटलाचं पोरगं वारसा हक्कानं पाटील होऊ शकत नाही. झाडूवाल्याचं पोरगं वारसा हक्कानं झाडूवाला होऊ शकतं. १९२८ साली बाबासाहेब ज्या जागी बोट ठेवत होते ती हीच जागा. पाव एकर आणि बांधलेले पाय.

म्हणून त्या पोराला माझं उत्तर नाही असं आहे. आपण भरू, हे म्हणायचं नाही. त्यांनी दयाळूपणे सोडलं म्हणून आपण आत आलो नाही. कूळ चालणार नाही हे लिहून घेतलं म्हणून आलो. माझे मोठेबाबा आज ज्या खुर्चीवर आहेत ती त्या शब्दावर उभी आहे. त्यांनीच तो शब्द मोडला तर पटवाऱ्याच्या नातवाला आपण काय तोंडानं विचारणार? शिवाय साधा हिशेब करा. नात्याचा खेळ खेळायला नातं लागतं. त्यांची नाती तहसीलपासून मंत्रालयापर्यंत, कोर्टात, बँकेत, वर्तमानपत्रात, पाच-पाच पिढ्यांची. आपला एक मोठेबाबा. त्या खेळात आपण बसल्याबरोबर हरतो.

पण याचा अर्थ नातेवाइकानं तोंड चोरून बसावं असाही नाही. आपल्यातले काही साहेब हे उलटं करतात. वशिल्याचा ठपका नको म्हणून आपल्याच माणसाला जास्त दाबतात, त्याची रजा अडवतात, सगळ्यांदेखत त्यालाच झापतात. सवर्ण सहकारी माना डोलवतात, "साहेब मोठे निःपक्षपाती हो!" ही निःपक्षपातीपणाची पावती आपल्याच पोराच्या पाठीवर फाडलेली असते. हेही मी जवळून पाहिलं आहे, आणि ते मला वशिल्याइतकंच वाईट वाटतं. दोन्हीकडे काम बाजूला राहतं आणि नातंच मोजलं जातं.

आमच्याकडे काय केलं ते सांगतो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणुकीचे १९७९ चे नियम आहेत. जवळच्या नातेवाइकाच्या हिताचा विषय आपल्या टेबलावर आला तर आपण निर्णय करायचा नाही, वरिष्ठाकडे पाठवायचा, हे त्यामागचं सूत्र. मोठेबाबांनी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वरच्या कचेरीला लेखी कळवलं की सदर कारकून माझा सख्खा पुतण्या आहे. त्याचा गोपनीय अहवाल मी लिहिणार नाही, त्याची रजा, प्रवासभत्ता, बदली यांवर माझी सही असणार नाही. मीही माझ्या बाजूनं तसाच कागद दिला आणि जावक क्रमांक टिपून ठेवला. कचेरीत मी त्यांना साहेब म्हणतो. घरी ते मला अजूनही "अबे पोट्ट्या" म्हणतात. वरच्या कचेरीतल्या बाबूला हे पत्र कोणत्या नस्तीत लावायचं तेच कळेना. त्यानं फोन करून विचारलं, असं पत्र तर आजवर कुणी दिलं नाही, याचा विषय काय लिहू? तीन पिढ्या ज्या खात्यात काका-पुतणे, साळे-मेहुणे बसत आले तिथं अशा पत्राला नस्तीच नव्हती.

टोमणे थांबले का? नाही थांबले. "घरचाच साहेब" अजून चालूच आहे. फक्त आता मी विचारतो, तुमच्या चुलत्यानं असं पत्र दिलं होतं का? दिलं असेल तर दाखवा, आम्ही त्याच्यावरून नमुना करू.

आता एक काम. वऱ्हाडातल्या चावडीचा हा इतिहास आपल्या बाजूनं अजून लिहिला गेलेला नाही. पुढच्या अंकाच्या आत प्रत्येक कार्यकर्त्यानं आपल्या गावापुरती एवढी माहिती काढावी. १९६२ च्या आधी मुलकी पाटील कोणत्या घरचा, पोलीस पाटील कोणत्या घरचा, पटवारी कोण. गावकीचं काम आपल्या कोणत्या घरांकडे पाळीनं होतं आणि ते कोणत्या साली, कशामुळे सुटलं. आज पोलीस पाटील कोण, कोतवाल कोण, नगरपालिका असेल तर सफाईच्या जागांवर कोण. म्हातारी माणसं अजून आहेत तोवर विचारून घ्या, बायांना आधी विचारा, पाळी कुणाची होती हे त्यांना नेमकं आठवतं. एका पानावर शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहून पाठवा. पेन्सिलीनं लिहिलेलं स्टेन्सिल कापणाऱ्याला वाचता येत नाही.